तक्त्यात सर्वांत खाली असलेलं नाव

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एका ग्रंथालयाचं निवेदन वाचलं. येत्या उन्हाळी सुट्टीत सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्या तीन मुलांना चषक देणार आहेत. सोबत गेल्या वर्षीच्या विजेत्याचं छायाचित्र होतं, शेजारी त्याच्या खांद्यापर्यंत पोचलेली पुस्तकांची चळत. मुलगा आनंदात दिसत होता आणि त्याच्या आनंदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ग्रंथालयानं सुट्टीआधी इतके महिने विचार सुरू केला, याबद्दल तर मी त्यांचं अभिनंदनच करीन. पण मी २७ वर्षं एका सार्वजनिक ग्रंथालयाचा बालविभाग सांभाळला. पहिले काही उन्हाळे मीही अशाच स्पर्धा घेतल्या आणि पुढे त्या बंद केल्या. त्या का बंद केल्या, हे आखणी कागदावर आहे तोवरच सांगितलेलं बरं, म्हणून हे पत्र.

बालविभागात शिरल्याबरोबर दिसेल अशा भिंतीवर मी एक मोठा तक्ता लावत असे. डावीकडे नावं आणि नावापुढे चौकोन. पुस्तक वाचून परत आणलं की एका चौकोनात चांदणी चिकटवायची. दर शनिवारी मी नावं नव्यानं क्रमवार लिहायची, सर्वांत जास्त चांदण्यांचं नाव वर. मुलं आली की आधी तक्त्याकडे धावायची. ते पाहून मला वाटायचं, उपक्रम छान चालला आहे.

चौथीतली एक मुलगी त्या तक्त्यात सर्वांत खाली होती. तिसऱ्या आठवड्यातही तिच्या नावापुढे एकच चांदणी होती. एका शनिवारी मी नवी यादी लावली तेव्हा ती मागे उभी राहून वाचत होती. ती काही बोलली नाही. नंतर मात्र ती आत यायची थांबली. धाकट्या भावाला दारापर्यंत सोडायची, बाहेरच्या पायरीवर बसून राहायची आणि वेळ झाली की त्याला घेऊन जायची. सुट्टी संपल्यावर तिची आई पुस्तक परत करायला आली. सव्वादोनशे पानांची, बारीक टाइपातली कादंबरी होती ती. आई म्हणाली, "दोनदा वाचलं तिनं. हळू वाचते ना, म्हणून लाजते." माझ्या बालविभागात त्या उन्हाळ्यात तिच्याइतकं वाचन बहुधा कुणीच केलं नसेल, आणि माझ्या तक्त्यानं तिला पायरीवर बसवलं होतं.

त्याच उन्हाळ्यात पहिल्या क्रमांकावर असलेला मुलगा रोज सात-आठ पुस्तकं न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचा. एकदा त्यानं परत केलेलं एक कोरं पुस्तक मी मांडणीवर ठेवायला घेतलं. छापखान्यात कापायची राहून गेल्यामुळे त्याची मधली दोन पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती. ती कुणी उघडलीच नव्हती. मी त्याला काहीही विचारलं नाही. त्याचं चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मी चांदण्या गोळा करायला सांगितल्या होत्या आणि तो चांदण्या गोळा करत होता.

माझ्या मनात जे अंधूकपणे टोचत होतं, त्यावर कुणीतरी फार आधी नीट काम करून ठेवलं आहे हे मला पुढे वाचनात सापडलं. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मुळातच चित्रं काढायची आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्क्याचं आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना चित्र काढून झाल्यावर अचानक तेच प्रशस्तिपत्र दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मुक्त खेळाच्या वेळी चित्रं काढायचे रंगीत पेन पुन्हा मांडून ठेवले. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं, ती मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झालेली नव्हती. आवडीचं काम बक्षिसासाठी करायचं काम होऊन बसलं की बक्षीस संपल्यावर कामही संपतं, हे मी सुट्टीनंतरच्या पहिल्याच महिन्यात दरवर्षी पाहत होते. तक्त्यातली वरची पाच नावं तेव्हा देवघेवीच्या नोंदीत शोधूनही सापडायची नाहीत.

बक्षीस देऊच नये, असं मी म्हणत नाही. मरिनाक आणि गॅम्ब्रेल या अमेरिकी अभ्यासकांनी तिसरीतल्या मुलांवर केलेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला फार उपयोगी पडला. वाचल्याबद्दल ज्यांना छोट्या किरकोळ वस्तू दिल्या त्यांची पुढे वाचायची ओढ इतरांपेक्षा कमी दिसली. पुस्तकच बक्षीस म्हणून मिळालेल्या मुलांचं तसं झालं नाही. चषकांच्या पैशांत किती मुलांना स्वतःच्या मालकीचं एकेक पुस्तक देता येईल, हा हिशेब त्या निवेदनातल्या ग्रंथालयानं एकदा मांडून पाहावा अशी माझी विनंती आहे. ज्या घरात स्वतःचं म्हणावं असं एकही पुस्तक नाही, तिथे आत पहिल्या पानावर मुलाचं नाव लिहिलेलं पुस्तक गेलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. परत करायचं नाही म्हटल्यावर काही मुलं दोन-दोनदा विचारायची, "नक्की ना?"

तक्ता उतरवल्यावर पुढे काय, हा प्रश्न होताच. ब्रिटनमध्ये १९९९ पासून सार्वजनिक ग्रंथालयांतून मुलांसाठी सुट्टीतलं एक वाचन-आव्हान चालवतात. त्याची रचना मला पटली. सुट्टीत सहा पुस्तकं वाचायची, ती मुलानं स्वतः निवडायची, आणि सहा पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला पदक नि प्रशस्तिपत्र. पहिला-दुसरा क्रमांक नाही. सहा हा आकडा हळू वाचणाऱ्याच्या आवाक्यातला असतो आणि भरभर वाचणाऱ्याला कुणी अडवत नाही. आम्ही त्यात आमच्यापुरता बदल केला. पुस्तकांऐवजी दिवस मोजले. घडीचं छोटं कार्ड छापलं, त्यात ३० चौकोन. ज्या दिवशी वाचलं त्या दिवशी एक चौकोन मुलानं आपल्या हातानं रंगवायचा. पंधरा मिनिटं वाचलं काय नि दोन तास वाचलं काय, चौकोन एकच. कार्ड मुलाच्या खिशात राहायचं, भिंतीवर काही लागायचं नाही. आजीनं वाचून दाखवलेलं चालेल, धाकट्याला वाचून दाखवलेलं चालेल, तेच पुस्तक पाचव्यांदा वाचलेलं चालेल, कानानं ऐकलेलं पुस्तकही चालेल. अक्षरं नाचल्यासारखी दिसणाऱ्या किंवा डोळ्यांनी अधू असलेल्या मुलांना त्यामुळे वेगळी रांग लावावी लागली नाही.

कार्डाच्या मागच्या बाजूला एक रकाना होता, तो माझा सर्वांत लाडका. 'अर्धं सोडलेलं पुस्तक आणि सोडण्याचं कारण.' तो ठेवायला आमच्या समितीतल्या काहींचा विरोध होता. मुलांना पुस्तक टाकून द्यायला शिकवता का, असं मला विचारलं गेलं. मी म्हटलं, मोठी माणसं सोडत नाहीत का? त्या रकान्यातून मला जे कळलं ते कुठल्याही पुस्तक-परीक्षणातून कळलं नसतं. 'पहिल्या दहा पानांत कुणी बोलतच नाही.' 'मधली चार पानं नाहीत.' 'चित्रात कुत्रा काळा आहे आणि गोष्टीत पांढरा.' 'हे बाळांचं आहे.' चार पानं नसलेलं पुस्तक वर्षानुवर्षं मांडणीवर उभं होतं आणि आमच्यापैकी कुणालाच पत्ता नव्हता. पुढे पुस्तकं बाद करताना आणि नवी निवडताना मी आधी ते रकाने वाचत असे.

निवडीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सुट्टीतल्या वाचनाचा जीव तिथे आहे. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात अ‍ॅलिंग्टन, मॅक्‌गिल-फ्रांझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्तीतल्या १७ शाळांमधल्या मुलांना लागोपाठ तीन उन्हाळे दरवर्षी १२ पुस्तकं फुकट दिली. अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पुस्तकं मुलांनी सुट्टीआधी प्रदर्शनातून स्वतः निवडली होती. पुष्कळांनी लोकप्रिय गायक, खेळाडू आणि पडद्यावरच्या नायकांची पुस्तकं उचलली, आणि अभ्यासकांनी ती उचलू दिली. तीन उन्हाळ्यांनंतर ही मुलं वाचनात, पुस्तकं न मिळालेल्या तशाच मुलांच्या पुढे होती. ज्यांच्या घरची परिस्थिती अगदी हलाखीची होती त्यांना सर्वाधिक फायदा झाला. शिकवणी नव्हती, परीक्षा नव्हती. आवडीची पुस्तकं हातात होती, एवढंच.

आमच्याकडे हे घडायला मुख्य अडचण पालकांची असायची. मूल मांडणीपाशी उभं, पालक त्याच्या पाठीशी. मूल सापांवरचं पुस्तक काढतं, पालक ते परत ठेवून थोर पुरुषाचं चरित्र हातात देतात. मुलाच्या भल्यासाठीच देतात, हे मला दिसत होतं. पण मूल त्या क्षणी पुस्तकापासून अर्धं पाऊल मागे सरकतं, तेही दिसत होतं. शेवटी मी पालकांसाठी बाहेर खुर्च्या मांडल्या, तिथे त्यांच्यासाठी मासिकं ठेवली, आणि प्रत्येक मुलाच्या वाट्याला मांडणीपाशी दहा मिनिटं एकट्याची दिली. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यांत 'प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ' हा एक आहे. त्याचा, म्हणजे वाचकाचा. वडिलांच्या मनातला नाही, शिक्षकांच्या यादीतला नाही. बालविभागात नव्यानं आलेल्या सहकाऱ्यांना मी एवढंच सांगायची की मुलाला 'कितवीत आहेस?' असं विचारून पुस्तक काढू नका. 'मागचं कोणतं आवडलं होतं?' असं विचारा. सहावीतला मुलगा तिसरीच्या पातळीचं वाचत असेल तर इयत्ता विचारल्याबरोबर तो सहावीचं पुस्तक नेतो आणि न वाचता परत आणतो.

जे आत येतात त्यांच्याबद्दल हे झालं. माझी खरी काळजी न येणाऱ्यांची आहे. बार्बरा हेन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अटलांटा शहरातल्या सहावी-सातवीच्या मुलांचा अभ्यास १९७८ मध्ये पुस्तकरूपानं मांडला. सुट्टीत किती पुस्तकं वाचली याचा मुलांच्या प्रगतीशी संबंध होता, आणि तो श्रीमंत-गरीब सगळ्या घरांत होता. उन्हाळ्यात मुलांच्या वाढीला हातभार लावण्यात सार्वजनिक ग्रंथालय इतर सार्वजनिक संस्थांच्या पुढे असल्याचं त्यांना आढळलं. मात्र घर ग्रंथालयापासून किती लांब आहे, यावर मूल तिथे जातं की नाही हेही ठरत होतं. (सुट्टीत सगळीच मुलं शिकलेलं विसरतात, असं अलीकडे सरसकट बोललं जातं. ते तितकंसं पक्कं नाही. जुन्या चाचण्यांच्या पद्धतीवर अभ्यासकांनीच आक्षेप घेतले आहेत. मुलं मागे पडतील अशी भीती घालून पालकांना ग्रंथालयात आणू नये, असं माझं मत आहे. भीतीनं आलेलं मूल पुस्तक गृहपाठाच्या वहीसारखं धरतं.)

लांब राहणाऱ्या मुलांची पावलं आणखी कशानं अडतात? आमच्या नियमांनी. अनामत रक्कम, पालकांची सही, ओळखीचा पुरावा, उशीर झाला तर दंड, पुस्तक हरवलं तर भरपाई. मी दंडवसुलीची वही कित्येक वर्षं निष्ठेनं सांभाळली. एकदा सुट्टीच्या आधी बंद पडलेली बालसभासदांची कार्डं एकत्र करून पाहिली. बहुतेकांचा दंड अगदी किरकोळ होता. तेवढ्या रकमेसाठी मूल घरी मागायला घाबरलं होतं, आणि पुस्तक घरात असूनही परत यायचं थांबलं होतं. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयानं २०१९ मध्ये विलंब शुल्क पूर्ण बंद केलं, तेव्हा वर्षानुवर्षं घरात अडकलेली पुस्तकं लोकांनी आपणहून परत आणून दिली. आम्ही सुट्टीपूर्वीचा एक आठवडा दंडमाफीचा ठेवला. एक मुलगा दोन वर्षं गादीखाली लपवलेलं पुस्तक घेऊन आला. ते मी त्याच्या नावावरून कमी केलं आणि तिथल्या तिथे त्याला दुसरं दिलं. तो ते हातात घेऊन बराच वेळ उभा होता.

याहून जुनं आणि सुंदर उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. अ‍ॅन कॅरोल मूर या बाईंनी १९०६ पासून तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालसेवेची धुरा सांभाळली. त्यांच्या काळात मुलानं एका मोठ्या वहीत स्वतःचं नाव लिहायचं आणि पुस्तकं नीट वापरीन, ग्रंथालयाचे नियम पाळीन असं वचन द्यायचं, की ते सभासद. भिंतींवरच्या 'शांतता राखा' अशा पाट्याही त्यांनी काढून टाकल्या. मुलाच्या सहीला किंमत दिली की मूलही तिला किंमत देतं, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. आम्ही अशी वही ठेवली. ज्यांना अजून जोडाक्षर येत नव्हतं ती मुलं नावातलं जोडाक्षर घरी गिरवून यायची.

आता आखणीबद्दल, कारण चांगल्या कल्पना सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात कोलमडतात त्या साध्या साध्या गोष्टींमुळे. सहा महिने आधी रजांची वही उघडावी. मुलांना सुट्टी तेव्हाच कर्मचाऱ्यांच्या घरीही सुट्टी, त्यामुळे सर्वांत गर्दीच्या दिवसांत बालविभागात एकच माणूस उरतो. मग पुस्तकबांधणी. सर्वांत जास्त वाचली जाणारी पुस्तकंच सर्वांत आधी फाटतात, आणि ऐन सुट्टीत ती बांधणीवाल्याकडे पडलेली असतात. चार महिने आधी ती पाठवावीत, परत आलेली मोजून घ्यावीत. ज्या पुस्तकांना दरवर्षी रांग लागते त्यांच्या जास्तीच्या प्रती घ्याव्यात. एकाच्या पाच प्रती घेण्यापेक्षा पाच वेगळी पुस्तकं घ्या, असं समितीत नेहमी ऐकू येतं. पण सुट्टी सहा-सात आठवड्यांची असते. नाव नोंदवून पाचव्या क्रमांकावर बसलेल्या मुलाला त्याचं पुस्तक शाळा सुरू झाल्यावर मिळून काय उपयोग?

नोंदणी ग्रंथालयात बसून करू नये. शाळा संपण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत ग्रंथपालानं स्वतः वर्गावर्गांत जावं, बरोबर चाळीस-पन्नास पुस्तकं न्यावीत, एकातला एखादा परिच्छेद मोठ्यानं वाचावा आणि उत्कंठेच्या जागी थांबावं. नोंदणीचा कागद तिथेच भरून घ्यावा. मग सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात ती यादी आणि देवघेवीची नोंद शेजारी ठेवावी. ज्यांनी नाव दिलं पण जी एकदाही आली नाहीत त्यांची नावं वेगळी काढावीत. माझ्या लेखी ही यादी सगळ्या उपक्रमातला सर्वांत मोलाचा कागद आहे. आम्ही एका वर्षी ती नकाशावर मांडली तेव्हा दिसलं, की मोठ्या रस्त्याच्या पलीकडून एकही मूल आलेलं नव्हतं. लहानांना एकट्यानं तो रस्ता ओलांडू देत नसत. पुढच्या वर्षी आठवड्यातून एक सकाळ आम्ही पुस्तकांच्या दोन पेट्या घेऊन पलीकडच्या एका इमारतीच्या ओसरीत बसलो. त्यासाठी वेगळा खर्च झाला नाही, फक्त त्या सकाळी मुख्य दालनातली देवघेवीची एक खिडकी बंद ठेवावी लागली.

एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत टाळू नये. सुट्टीत मदतीला येणारे स्वयंसेवक कितीही ओळखीचे असोत, मुलांच्या सोबत एका वेळी किमान दोन मोठी माणसं असावीत, आणि पालकांना विचारल्याशिवाय मुलांची छायाचित्रं काढू नयेत, छापूही नयेत.

आणि १३ ते १८ वयाची मुलं. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१८ मध्ये बालसेवेची जी मार्गदर्शक तत्त्वं सुधारून काढली, त्यांत जन्मापासून १८ वर्षांपर्यंतचा काळ धरला आहे. आमच्या ग्रंथालयात बालसभासदत्व १४ व्या वर्षी संपायचं आणि प्रौढ सभासदत्व १८ व्या वर्षी सुरू व्हायचं. मधली चार वर्षं मूल नियमांत कुठेच नव्हतं. बालविभागातल्या खुर्च्यांत त्याचे गुडघे मावत नाहीत, आणि प्रौढ विभागात दोन मित्र कुजबुजले तरी माना वळतात. वाचनाची सवय सुटते ती याच चार वर्षांत, आणि आपण दोष मोबाइलला देऊन मोकळे होतो.

आम्ही जिन्याखालची रिकामी जागा त्यांना दिली. नवीन खरेदीतली फक्त दहा पुस्तकं निवडायचा अधिकार दिला. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारातलं १२ वं कलम सांगतं, की मुलांशी संबंधित बाबींत मुलांचं मत ऐकलं गेलं पाहिजे. ते मी समितीच्या बैठकीत वाचून दाखवलं, तेव्हा कुठे दहा पुस्तकांना मान्यता मिळाली. मुलांनी भुताच्या गोष्टी, दुचाकीची दुरुस्ती, चित्रकादंबऱ्या, एक कवितासंग्रह आणि शरीरात या वयात होणाऱ्या बदलांवरचं एक पुस्तक निवडलं. शेवटचं पुस्तक कुणी कधी नोंदवून नेलं नाही. पण वर्षभरात सर्वांत जास्त हाताळलेलं तेच होतं, ते त्याच्या कडांवरून कळायचं. ते मी मुद्दाम खिडकीपासून दूर, जिन्याच्या आतल्या बाजूला ठेवलं.

त्यांतला एक मुलगा, वय १५ असेल, मित्रांबरोबर यायचा पण पुस्तक कधी उघडायचा नाही. मला बऱ्याच उशिरा कळलं की तो अडखळत वाचतो. सुट्टीत चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी रोज गोष्टीचा तास असे, आणि त्यासाठी मला माणूस हवा होता. मी त्याला विचारलं, त्याला कशाचीही जाणीव होऊ न देता. तो आदल्या दिवशी संध्याकाळी मोठ्या अक्षरांचं चित्रमय पुस्तक घरी न्यायचा आणि तयारी करून यायचा. पंधरा वर्षांच्या मुलानं पाच वर्षांच्या मुलांचं पुस्तक नेण्याला एक मानाचं कारण मिळालं होतं. लहान मुलं तर काय, 'पुन्हा, पुन्हा' म्हणायची, त्यामुळे एकेक पुस्तक तो चार-चार वेळा मोठ्यानं वाचायचा. सुट्टीच्या शेवटी तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "बाई, आता थोडं मोठं द्या."

संपादक महोदय, आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक विनंती आहे. उन्हाळी वाचन उपक्रमांच्या बातम्या आपण छापताच, त्या छापत राहा. पण आयोजकांना 'सर्वाधिक पुस्तकं कुणी वाचली?' असं विचारण्याऐवजी, किती मुलांनी पहिल्यांदाच ग्रंथालयाचं कार्ड काढलं, नाव दिलेल्यांपैकी किती शेवटपर्यंत आली, आणि जी आली नाहीत त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी काय ठरवलं आहे, हे विचारावं. वार्ताहरानं हे विचारायला सुरुवात केली की ग्रंथालयं त्याची नोंद ठेवायला लागतील. विजेत्याच्या छायाचित्राच्या जागी मुलांनी पुस्तकांबद्दल लिहिलेल्या चार ओळी छापता आल्या तर फारच छान. अर्धं का सोडलं, तेही छापा.

आखणीची माझी एक जुनी वही आहे. रजा, बांधणी, शाळाभेटी, पेट्या, खरेदी यांचं सहा महिन्यांचं वेळापत्रक आणि दरवर्षी काय फसलं याच्या समासातल्या नोंदी त्यात आहेत. तिची प्रत मी या पत्रासोबत आपल्या कार्यालयाकडे पाठवते आहे. ज्या ग्रंथालयाला हवी असेल त्यानं ती खुशाल उतरवून घ्यावी. निवेदन दिलेल्या ग्रंथालयाला आधी द्यावी. त्यांच्याकडे सुट्टीपर्यंत अजून पुरेसे दिवस आहेत, आणि भिंतीवर तक्ता लागलेला नाही.

आपली,
बालविभागातील एक निवृत्त ग्रंथपाल